बंद वर्कशॉपमधली कानस

१

मास्तर मेले ते यंत्राच्या पोटात दोन्ही हात घालून.

दुपारच्या सुट्टीत सगळी पोरं डबे घेऊन मागच्या अंगणात गेली होती. परत येऊन बघतात तर पत्रा दाबून घडवणाऱ्या नव्या कोऱ्या प्रेसचं झाकण उघडं, आणि कोपरापर्यंत हात आत घालून मास्तर गुडघ्यांवर बसलेले. मान जराशी वळलेली. कुणी मागून हाक मारली की माणूस वळतो ना, तेवढीच. एका पोरीने "मास्तर, चहा घेता का?" असं विचारलंसुद्धा. उत्तर आलं नाही, तेव्हा तिच्या हातातला कप पडला.

विजेचा झटका. पोलीस आले, त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला, प्रेसचा फ्यूज जागच्या जागी होता. म्हणजे मास्तरांनी वीज बंद न करताच हात घातला. हलगर्जीपणा, अपघात, विषय संपला.

आता यातली गंमत, म्हणजे कसली गंमत, अंगावर काटा यावा अशी गोष्ट बघा. या प्रशिक्षण केंद्रात आलेल्या प्रत्येक पोराला मास्तर पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे. "यंत्रात हात घालायच्या आधी फ्यूज काढायचा. काढलेला फ्यूज टेबलावर ठेवायचा नाही, मित्राकडे द्यायचा नाही. स्वतःच्या खिशात ठेवायचा. तुझा जीव तुझ्या खिशात!" सबंध आयुष्य हे घोकून घेणारा माणूस फ्यूज काढायला विसरला म्हणे.

कौशल्य खात्याकडून चौकशीला तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या आणि स्वभावानेही थोड्या तशाच. एकीकडे पोरं रिकामी बसलेली, दुसरीकडे कारखाने हातात कसब असलेल्या माणसांवाचून अडलेले, ही दरी बुजवायला सरकारने योजना काढली होती. त्या योजनेतून केंद्राला नवी प्रेस मिळाली, नवा वर्ग मिळाला आणि एक नवे सर मिळाले. सोमवारी वर्कशॉप पुन्हा उघडायचं होतं. वरून साहेब मंडळी येणार होती. त्याआधी बाईंचा अहवाल हवा होता.

प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि टेबलावरचा एक मोठा कागद घाईघाईने उलटा केला. बाईंनी तो सरळ केला. सगळ्या केंद्रांच्या भिंतींवर लावायच्या फलकाचा नमुना होता तो. वर ठळक अक्षरांत 'निष्काळजीपणाचा परिणाम', खाली यंत्रात हात घातलेल्या माणसाचं चित्र, आणि त्याखाली मास्तरांची हकीकत.

"खात्यातूनच आलाय," प्राचार्य खाली बघत म्हणाले. "तुमच्या अहवालानंतर छापायला जाईल."

"म्हणजे अहवाल काय असणार ते आधीच ठरलंय. छान!" बाई म्हणाल्या. "बरं, मला वर्कशॉप बघायचंय."

प्राचार्य उठले नाहीत. रुमालाने त्यांनी मान पुसली.

"बाई, हसू नका. वर्कशॉपला कुलूप आहे, दारावर पोलिसांचा कागद चिकटवलाय. पण दुपारच्या सुट्टीत आतून लोखंडावर कानस घासल्याचा आवाज येतो."

२

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाला बोलावलं.

स्टोअर सांभाळणारे काका मास्तरांच्या पहिल्यावहिल्या बॅचचे. वर्कशॉपला पुढच्या दाराखेरीज स्टोअरमधून एक आतलं दार होतं आणि त्याची किल्ली काकांच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेली असे.

"तुम्ही दुपारी कुठे असता?"

"स्टोअरमध्येच."

"जागे?"

काका ओशाळले. "जेवल्यावर जरा डोळा लागतो."

"आवाज ऐकलात कधी?"

"झोपेत वाटतं खरं. मला वाटतं स्वप्न असेल. बाई, मास्तरच आहेत ते. माणसाचं काम अर्धवट राहिलं की जीव घोटाळतो."

मग नवे सर आले. तरुण, नीटनेटके, बोलण्यात साखर. दोन वर्षांचा फिटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाल्याचं प्रमाणपत्र दाखवून ते आले होते आणि पडद्यावर चित्रं लावून फार सुंदर शिकवायचे. सोमवारपासून मास्तरांचा वर्गही त्यांच्याकडेच जायचा होता. त्यांच्या उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली होती.

"काय झालं हाताला?"

"गरम चहा सांडला. वेंधळेपणा, दुसरं काय!" ते हसले. "मास्तर मला वडिलांसारखे होते, मॅडम. पण वय झालं होतं. विसरायचे हल्ली."

"काय विसरायचे?"

"तसं नेमकं सांगता येणार नाही."

तिसऱ्या शिवणताई. शिवणकाम शिकवणाऱ्या. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मास्तर कसे होते, तर चांगले होते. कुणाशी भांडण, तर नाही. त्या दिवशी कुठे होतात, तर वर्गात कापड बेतत होते. काही वेगळं दिसलं, ऐकलं?

शिवणताईंच्या बोटावरचा पदर सुटला.

"सांगितलं तर वेडी म्हणाल," एवढंच म्हणून त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच गेल्या.

३

दुपारची सुट्टी झाली. अंगणातून डब्यांची खणखण आणि पोरांचा गलका येत होता, पण वर्कशॉपच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. पोरं ती बाजू टाळायला लागली होती. पांढरंशुभ्र ऊन, तापलेले पत्रे, आणि त्या उन्हात बंद दाराला कान लावून एक मुलगी उभी होती.

बाईंची चाहूल लागताच तिने ओठांवर बोट ठेवलं. मास्तरांची लेक होती ती. याच केंद्रात शिकलेली, एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेली. बाप गेल्यापासून कामावर गेलेली नव्हती.

"रोज येते मी," ती कुजबुजली. "आजवर मी आले की आवाज थांबायचा. आज पाय न वाजवता आले."

बाईंनीही कान लावला. पोलिसांचा कागद जसाच्या तसा होता, कुलपावर धूळ होती.

आणि आतून आवाज आला.

खर्र-खर्र. खर्र-खर्र.

बाई सरकारी नोकरीत मुरलेल्या होत्या, भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण भर दुपारी, ज्या खोलीत माणूस मेला त्या बंद खोलीतून कुणी संथपणे लोखंड घासतंय हे ऐकताना त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. मग स्वतःचाच राग येऊन त्या गुडघे विसरल्या आणि इमारतीला वळसा घालून धावत सुटल्या. धावता धावता एका पत्र्यावर त्यांचा पाय पडला. तो दणाणला आणि आतला आवाज तुटला.

स्टोअरचं दार उघडं होतं. काका खुर्चीत घोरत होते. त्यांच्या डोक्यावर खिळ्याला किल्ली टांगलेली होती.

किल्ली हलत होती. वारा नव्हता, पंखा बंद होता, आणि ती हलत होती.

बाईंनी ती काढली, आतलं दार उघडलं. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. ओळीने लावलेली बाकं, त्यांवर लोखंडी तुकडे घट्ट धरायचे व्हाइस, कोपऱ्यात उघड्या झाकणाची प्रेस. एका व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा आवळलेला होता आणि शेजारी कानस पडली होती. बाईंनी ठोकळ्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ठोकळा कोमट होता.

त्या परत आल्या तेव्हा मास्तरांची लेक पायरीवर बसून हुंदके देत होती.

"घाबरलीस होय गं?"

"नाही. मला वाटत होतं बाबा असतील. लोक म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं. रोज त्यासाठीच यायचे." तिने बाहीने डोळे पुसले. "आज नीट ऐकलं. हे बाबा नाहीत."

"कशावरून?"

"कानस पुढे ढकलताना कापते. परत येताना उचलायची असते. घासत मागे ओढली की तिचे दाते मरतात. बाबांची कानस खर्र करायची, मग गप्प, मग खर्र. पहिला महिनाभर ते दुसरं काही शिकवायचेच नाहीत. परत येताना उचल, परत येताना उचल. झोपेतसुद्धा आमचं मनगट उचललं जाईल. आणि हे काय होतं? खर्र-खर्र! दोन्हीकडे! भूत झाले तरी बाबा अशी कानस ओढणार नाहीत, बाई."

बाई तिच्या शेजारी बसल्या.

"घरी ते शेवटचं काय बोलले होते? केंद्राबद्दल?"

"आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाले, एका माणसाचा कागद बोलतो, हात बोलत नाही. उद्या त्याला एकट्यालाच विचारतो, असं म्हणाले. कोण ते मी विचारलं नाही." तिने बाईंकडे पाहिलं. "विचारायला हवं होतं ना?"

४

संध्याकाळ व्हायच्या आत बाई शिवणवर्गात गेल्या. शिवणताई एकट्याच होत्या.

"मी तुम्हाला वेडी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "मी आत्ताच बंद खोलीत चालणारी कानस ऐकून आलेय. माझीच पाळी आहे वेडी ठरायची."

शिवणताईंना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

"त्या दिवशी सुट्टीत मी इथे कापड बेतत होते. एकदम दिवे गेले. पंखा थांबला. आणि तेवढ्यात पलीकडून, वर्कशॉपमधून, एक आवाज आला. ओरडल्याचा नाही हो. कुणी मोठा उसासा टाकावा तसा. मी गारठलेच. थोड्या वेळाने दिवे आपोआप आले. नंतर कळलं, मास्तर त्याच वेळी गेले. जाताना माझ्या खोलीतला उजेड घेऊन गेले आणि परत आणून दिला, असंच वाटतं मला. कुणाला सांगू?"

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, "तुमच्या वर्गाचा फ्यूज कुठे असतो?"

तो बाहेर बोळात होता. बाईंनी काकांना बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, इथले सगळे फ्यूज दिसायला सारखेच. अंधारात कुठला कुठला हे कसं ओळखता?"

"मास्तरांची युक्ती! फ्यूजच्या काळ्या मुठीला आतल्या कडेने कानशीने खाचा पाडल्यात. बोट फिरवलं की कळतं. शिवणाची एक खाच, ऑफिसच्या दोन, प्रेसच्या तीन. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाला पाठ आहे ते. ताईंनासुद्धा."

शिवणताईंनी मान हलवली.

"मग हा काढा बघू."

काकांनी शिवणवर्गाचा फ्यूज काढला. सवयीने आतून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बाई," ते म्हणाले, "हा प्रेसचा आहे."

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. प्राचार्य, काका, शिवणताई, नवे सर, आणि दाराशी मास्तरांची लेक. प्रेस कोपऱ्यात तशीच उघडी होती. कुणी तिच्याकडे पाठ करून उभं राहायला तयार नव्हतं.

"मास्तरांनी फ्यूज काढला होता," बाईंनी सुरुवातच तिथून केली. "काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता, जसं ते सगळ्यांना शिकवायचे. मग यंत्रात वीज कुठून आली? कुणीतरी शिवणवर्गाचा फ्यूज उपसला, म्हणून तिथले दिवे गेले. तो आणून प्रेसच्या बोर्डात बसवला. मास्तर गेले. मग तो क्षणभर उपसून त्यांच्या खिशातला काढला, पहिला पुन्हा बसवला आणि खिशातला शिवणवर्गात लावला, म्हणून दिवे परत आले. भूत नाही, चमत्कार नाही. प्रेसच्या बोर्डातला फ्यूज मी आज सकाळी पाहिला. त्याला एकच खाच आहे."

लेकीने दाराची चौकट घट्ट धरली.

"आता हे कुणी केलं? ज्याला खाचा माहीत होत्या त्याने नंतर दोन्ही फ्यूज आपापल्या जागी लावले असते. ज्याने अदलाबदल तशीच राहू दिली, त्याला खाचांचा पत्ताच नव्हता. म्हणजे काका नव्हेत, ताई नव्हेत, मास्तरांकडे शिकलेलं कुणीच नव्हे."

प्राचार्य आणि नवे सर यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक छोटंसं काम करा. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी लावलीय. प्रत्येकाने कानशीने एकेक खाच पाडायची."

काकांनी पाडली. खर्र, गप्प, खर्र. शिवणताईंनी पदर खोचून पाडली. खर्र, गप्प, खर्र. "कात्रीला धार लावायला शिकवा म्हटलं, तर आधी महिनाभर हेच करायला लावलं मला," त्या पुटपुटल्या.

प्राचार्य पुढे आले. या माणसाचं आयुष्य खुर्चीत गेलेलं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी कोट काढला, कानस हातात घेतली. खर्र. मनगट अलगद उचललं गेलं. खर्र.

काकांचा आ वासला. "साहेब, तुम्ही?"

"दोन वर्षं झाली," प्राचार्य लाजून म्हणाले. "सगळे घरी गेले की यायचो. केंद्र चालवतो आणि हातात काही नाही, याची शरम वाटायची. मास्तर कधी कुणाला बोलले नाहीत. मलाही ओरडायचे, परत येताना उचला म्हणून! खाचा मला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावल्या होत्या."

बाईंना क्षणभर विचित्र वाटलं. तीन वेगळी माणसं, तीन वेगळी अंगं, आणि मनगट उचलण्याची लकब तीच. जणू एकच माणूस आळीपाळीने त्यांच्यात येऊन जात होता. त्यांनी मान झटकली आणि नव्या सरांकडे कानस धरली.

"माझा हात भाजलाय, मॅडम."

"बघू."

त्यांनी हात मागे नेला. बाईंनी तो धरून पट्टी सोडवली. भाजल्याची खूण नव्हती. तळहातावर टरारून आलेले फोड होते, काही फुटलेले. कानशीची मूठ कधीच न धरलेल्या हाताला दोन-चार दिवसांत येतात तसे.

"एकच खाच, सर. पहिल्या वर्गात पास झालात ना!"

त्यांनी कानस घेतली. टेकवली. खर्र-खर्र.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खर्र-खर्र, खर्र-खर्र. न थांबता, दोन्हीकडे. दाराशी लेकीने कानांवर हात ठेवले.

"हाच तो," ती म्हणाली.

६

नवे सर बाकाला टेकून खाली बसले.

"प्रमाणपत्र विकत घेतलं होतं," ते म्हणाले. "घाईघाईत भरती चालली होती, कुणी हात बघितलाच नाही. सोमवारी साहेबांसमोर कानस चालवून दाखवायची होती, म्हणून दुपारी काका झोपले की खिळ्यावरची किल्ली घेऊन लपून सराव करत होतो. पण मास्तर... मॅडम, ते आत आहेत हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं फ्यूज हरवलाय, म्हणून दुसरा लावला."

"हरवलाय असं वाटलं असतं तर काकांकडे नवा मागितला असता. चालू वर्गाचा उपसून आणला नसता. आणि नंतर मास्तरांच्या खिशात बरोबर हात कसा गेला? फ्यूज त्यांच्या खिशात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तो खिशात कधी असतो, तर हात यंत्रात असतात तेव्हाच. एवढा एक धडा तुम्हीही शिकला होतात."

नवे सर आपल्या फोडांकडे बघत राहिले.

"त्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुला कानस धरता येत नाही. आज ना उद्या सगळ्यांना कळलंच असतं. माझी नोकरी, घरची अब्रू, सगळं गेलं असतं. पुढचं त्यांचं मी ऐकलंच नाही."

"पुढे काय म्हणत होते?" लेकीने विचारलं.

"काहीतरी म्हणत होते. सुट्टीत ये म्हणाले. मी गेलो तेव्हा ते यंत्रात हात घालून बसले होते. मला वाटलं, आता सगळ्यांना बोलावून तमाशा करणार."

लेक हळूहळू चालत त्या व्हाइसपाशी आली जिथे आदल्या दिवशी कोमट ठोकळा होता. खालचा खण तिने उघडला. आत एका फडक्यात गुंडाळलेली कोरी करकरीत कानस होती, तिला नवा गुळगुळीत लाकडी दांडा बसवलेला.

"नव्या पोरासाठी बाबा स्वतः दांडा घासून तयार करायचे," ती म्हणाली. "हाताला फोड येऊ नयेत म्हणून. हा दांडा गेल्या शनिवारी घरी घासत बसले होते. मी विचारलं, बॅच तर संपली, आता कोण नवीन? तर नुसते हसले." ती नव्या सरांकडे वळली. "ते तुम्हाला शिकवणार होते. हो सर, तुम्हाला! कुणाला न कळता, जसं प्राचार्यांना शिकवलं तसं. तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं!"

नव्या सरांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत सगळे तसेच उभे होते.

अहवालात बाईंनी पहिलंच वाक्य लिहिलं, 'मास्तरांनी फ्यूज काढला होता.' फलकाचा नमुना त्यांनी प्राचार्यांदेखत फाडला आणि भरतीत कुणी हात बघितला नाही हेही स्पष्ट शब्दांत मांडलं, आपल्याच खात्याला कडू लागेल हे माहीत असून. निघायच्या आधी लेकीने त्यांच्या हातात गंमत म्हणून कानस दिली. बाईंनी मोठ्या ऐटीत चालवली. खर्र-खर्र.

"अगं बाई! म्हणजे मीसुद्धा संशयितच की!"

बापाच्या मरणानंतर लेक पहिल्यांदा हसली.

सोमवारी वर्कशॉप उघडलं. साहेब मंडळी आली नाहीत. मास्तरांच्या वर्गावर प्राचार्यांनी त्यांच्या लेकीला उभं केलं होतं, पण ती अजून दारातच घुटमळत होती. बाई फाटकापाशी गाडीची वाट बघत होत्या. आत पोरांनी आपापले ठोकळे आवळले आणि कामाला सुरुवात केली.

खर्र. मग सगळं वर्कशॉप एकदम गप्प. मग पुन्हा खर्र.

पोरगी डोळे मिटून ऐकत राहिली. बाईंनी लांबून खुणेने विचारलं, काय झालं?

"काही नाही," ती म्हणाली. "हे बाबा आहेत." आणि आत गेली.